शकुनच्या पात्रतेबद्दल दुरुस्ती

मी, आचल सूर्यभान गावंडे, वय २९, इंग्रजीची शिक्षिका, राहणार जुने शहर, अकोला, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना हे लिहून ठेवते. दिवाळीत केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात एक चूक आहे. मोठी बहीण शकुन ‘डिझर्व्हिंग’ नव्हती म्हणून तिचे शिक्षण सुटले, असे मी लिहिले होते. तिचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते.

तिच्या दहावीनंतर शिष्यवृत्तीवाले घर पाहायला आले. पाहुणे येणार म्हणून आईने शेजारच्या खुर्शीदबीकडून कपबश्या आणल्या, काजू घालून शिरा केला. संस्थेचे सचिव खुशालराव दुसऱ्यांदा शिरा घेत म्हणाले, “बाई, तुमचं तं बरं चालू हाये.” शकुनचे नाव गळाले.

माझ्या वेळी तीच आईला म्हणाली, “आता पानी बी इचारू नको.” आईने विचारले नाही. मी डिझर्व्हिंग ठरले. घरात शिकलेली पहिली मीच.

वर्गात मी या शब्दाचा अर्थ ‘पात्र’ असा सांगते. तो दुसऱ्याने लावायचा शब्द आहे. स्वतःबद्दल कोणी लिहिला तर मीच खोडते.

एक. माझी राहती खोली शकुनला. भावजींनी ती विकायला लावू नये.

दोन. पीएफची रक्कम शिकणाऱ्या एखाद्या मुलीला. तिचे घर पाहायला जाणाऱ्याने तिथे चहा घ्यावा आणि अहवालात त्याचा उल्लेख करू नये.

तीन. शिष्यवृत्तीचे मानचिन्ह खुशालरावांना परत. सोबत निरोप नको.

चार. शकुनची दोन्ही मूत्रपिंडे निकामी आहेत. माझे जुळते; एक तिला देणार आहे. ती म्हणते, “माह्यासाठी तू कावून कापून घेऊन राहिली व? तेवढी लायक हाओ का मी?” शस्त्रक्रियेत माझे बरेवाईट झाले, तर तिला कोणी दोष देऊ नये. तिने स्वतःही देऊ नये.

भीती वाटते का, असे डॉक्टरांनी विचारले. काहीच वाटत नव्हते, म्हणून ‘नाही’ म्हटले. ते उत्तर बरोबर होते की नाही, मला अजून ठरवता आलेले नाही.

शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर शकुनची सही बाकी आहे. तिची वाट पाहून मी माझा दिवस बदलणार नाही.

सही: आचल सू. गावंडे
आमच्यासमोर सही केली: अमोल तायडे, मिस्बाह अंजुम
अकोला, सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

रुग्णालयात दाखल होण्याचा दिवस: गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६, अमरावती. शकुन आली नाही, तरी मी तिथे असेन.