'श्री'चं बटन

बुधवार, २३ एप्रिल

कम्प्युटर आज पुन्हा तीनदा बंद पडला. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने सीपीयू उघडला, धूळ फुंकली. म्हणाला, "काकू, याचे पार्ट आता भेटत नाही. रॅम वाढवून काही फायदा नाही. नवीनच घ्या."

"आणि यांचं लग्नपत्रिकांचं जुनं सॉफ्टवेअर?"

"ते नव्यात नाही चालत. दुसरं टाकून देतो ना. एखाददोन बटनं इकडची तिकडं होतीन, बस."

एखाददोन म्हणे! त्याला काय जातं सांगायला. लकवा मारल्यापासून हे जावयाचं नावही विसरतात, पण 'श्री'चं बटन यांना डोळे मिटून सापडतं. पत्रिकांची कामं कधीच थांबली, तरी रोज सकाळी तिथे बसतात आणि आधी 'श्री' मारतात. नेमकं तेच बटन सरकलं तर? आणि जुनाच ठेवला, तर तो किती दिवस चालणार? कोणाला विचारू?

जेवताना यांनीच विचारलं, "नवा आणला तं 'श्री' तिथंच राहीन ना वं?"

मी हो म्हणून बसले.