तळ्यातल्या सहा गाठी

२८ ऑग., सोम.
शेततळ्यात मापाची, गाठी मारलेली दोरी सोडली. सहा गाठी पाणी. जुना चपटा दगड हरवला, म्हणून यंदा वरवंट्याचा तुकडा बांधला.
एका गाठीत पाच एकर कापूस भिजतो. आमच्या वीस एकराला चार गाठी. उरल्या दोन.
वस्तीवरच्या चार घरांचा मिळून दहा एकर कापूस. त्यांच्या वतीनं पारू आली. त्यांची विहीर आटली. "आबा, तुमीच म्हणलात कापूस लावा." म्हणलो होतो खरा. दोन गाठी तुमच्या, शब्द दिला. थोरल्या पोराचं, दिलीपचं तोंड मडक्यासारखं.

३० ऑग., बुध.
दि.नं वरचं दहा एकर भिजवलं. दोन गाठी गेल्या. कपाशीची पाती धरली, कळ्या टिकतील. जीव थंडावला.
पारूनं वस्तीवरून तळ्यापर्यंत नळ्या टाकल्या. "दिलीपराव, हसा की! पाणी आबांचं, हसू तरी तुमचं द्या." हसला न्हाय.

१ सप्टें., शुक्र.
दि.नं तळ्यात बांबू घातला. "आबा, तुमचा वरवंटा गाळात जातोय. चार न्हाय, दोनच गाठी हायत."
म्हणजे पारूला दिल्या त्या दोन गाठी गाळाच्याच. इतकी वर्षं दोरी माझी, आणि...


३ सप्टें., रवि.
कालव्याचं पाणी वाटणारा पाटकरी भेटला. पुढचं आवर्तन कधी सुटणार, त्यालाही ठाऊक नाही. आमच्या खालच्या दहा एकरात पातेगळ सुरू, कळ्या झडतायत. वस्तीवर तर बोंडंही सुकायला लागली.
दि. : "शब्द तुमचा, कापूस माझा."
खोटं काय बोलला?

४ सप्टें., सोम.
पारूला खरं सांगितलं. नळीवरची माती पुसत बसली. म्हणलं, निम्मं निम्मं, एकेक गाठ घेऊ?
"चार घरं हायत, आबा. कुठल्या दोघांना न्हाय म्हणू? तुमीच नावं सांगा."


५ सप्टें., मंगळ. सकाळ
आठला लाईट येणार. पंप एक, नळ्या दोन. फटफटतानाच पंपाला नळी लावायचा जोड काढून आणला, वहीशेजारी ठेवलाय. ओला आहे, पान भिजतंय.
ओट्यावर दि. आणि पारू, मधे चहाचे कप. कुणी उचलत नाही.
"आबा, जोड कुठाय?" दि.चा आवाज.
साडेसात झाले. उठतो. कुठली नळी जोडायची, ते अजून...