देवीच्या गादीचा कापूस

मौजे तामलवाडी
भाद्रपद शु. ५, शके १८६७ (सन १९४५)

ती. प्रेमाअक्कास बलभीमचा शि. सा. न. वि. वि.

आमी खुशाल, पण तुमच्या भावजयीचं, तारामतीचं, तसंच चाललंय. हिवताप गेला, धाप जात न्हाय. सोलापूरच्या डॉक्टरांनी बजावलंय, पाठ टेकवून बसतीच निजवा, आडवं केलं तर जिवाला धोका. वाकळांची चवड रचून बघितली, तर ती घसरती.

तुम्हांला हसू येईल, पण म्या सुतार झालो! नळदुर्गच्या मुसाफिरखान्यात तालुकदारसाहेबाच्या पलंगाला उशाकडं मऊ मढवलेली पाठ बघितली होती. तशीच आपल्या पलंगाला केली. मोडक्या गाडीच्या फळ्या जोडल्या, वर कापूस पसरला, जाड दोसुती कापड ताणून चुका ठोकल्या, दाभणानं सुतळी आरपार घेऊन कोटाच्या गुंड्या आवळल्या. बोटं ठेचली, पण तारामती टेकून गाढ निजली! कापूस तर देवघरावरच्या टोपलीत पिंजून तयारच होता. आई ढोकीला मावशीकडं गेलीय, आली की तोंडात बोट घालील.

दाजींना नमस्कार. भावावर माया करता तशीच करत जा.

बलभीम

उमरगा
भाद्रपद शु. १०

चि. बलभीम यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं अन् हातातलं पातेलं खाली पडलं. अरे मुडद्या, पांढऱ्या फडक्यानं झाकलेली टोपली का? तो कापूस आईनं देवीच्या गादीसाठी पिंजलाय रे! दरसाल उपाशीपोटी, एकेक सरकी बोटांनी काढून पिंजते, अन् वद्य अष्टमीला देवी मंचकावर निजायच्या आत तुळजापूरला पोचवते. त्याच घरात वाढलास, डोळे काय खुंटीला टांगले होते? डोक्याचं तेल लागलेला कापूस आता देवीला कसा चालंल?

आईचे पाय धर, खोटं बोलू नकोस. तो कापूस काढून दुसरा भर, पण तारामतीचा आधार मोडू नकोस. अन् अष्टमीपासून घट बसंपर्यंत आपल्या घरात कुणी पलंगावर चढत न्हाय, हे तरी ठाऊक हाय ना? देवी निजलेली असती. तेव्हा हिचं काय करणार? जीव टांगणीला लागलाय, लगोलग कळव.

चिडलेली, तरी तुझीच,
प्रेमाअक्का

तामलवाडी
भाद्रपद व. ११

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

आई आली. टोपली बघितली, पलंग बघितला अन् मटकन खाली बसली. म्या पाय धरले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण तिनं नुसती रिकामी टोपली फडक्यानं झाकून ठेवली. पलंगाला दुसरा कापूस भरला, पण देवीसाठी नवा पिंजायला दिवस उरले न्हाईत, यंदा आपल्या घरचा कापूस देवीला गेला न्हाय तो न्हायच.

अष्टमीला तारामती आपणहून पलंगावरनं उतरली. म्हणाली, माझ्यापायी आधीच देवीचा अपराध झालाय, आता नेम मोडायचा न्हाय. म्या हातापाया पडलो, ऐकंना. पलंगाची पाठ काढून खाली लावतो म्हटलं, तीबी नको म्हणाली. भिंतीला टेकवली तर कलंडली, ओठ काळेनिळे पडले. आईकडं बघितलं. वाटलं, आता ही म्हणंल, केल्याची फळं भोगा.

आई उठली. भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसली अन् तारामतीला ओढून छातीशी टेकवली. तिला म्हणाली, देवी निजलीय, तवर तुला मी धरते. अक्का, म्या बघतच राहिलो, अजून खरं वाटत न्हाय. तवापासनं जागची हलली म्हणाल तर नावालाच. तारामतीचा श्वास ठिकाणावर आलाय.

माझ्याशी मात्र अबोलाच. काल म्या म्हटलं, मी टेकू देतो, तू जरा पाठ मोकळी कर. तर बोलली. म्हणाली, तुझ्या हातची कारागिरी बघितली, चुलीम्होरं बस अन् भाकरी थाप. थापली. आईनं पहिला घास तारामतीला भरवला, दुसरा आपण खाल्ला अन् म्हणाली, करपलीय, दुसरी कर. म्या रडत रडत दुसरी थापली.

घट बसायच्या आत या. चुकलंमाकलं पोटात घाला.

तुमचा
बलभीम