वाळू ओली हुती

आबा, तुम्हाला जाऊन पस्तीसहून जास्त वर्षं झाली. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा आता मीच मोठी आहे, गुडघे तुमच्यासारखेच कुरकुरतात आणि बोलण्याच्या ओघात स्वयंपाकघरातला गॅस चालू ठेवून बाहेर येते. गेल्या गुरुवारी मी एक गोष्ट केली. ती तुम्हाला सांगायची आहे, पण एकदम सांगायचा धीर होत नाही. तुम्हाला तसंही मागचं ऐकायला फार आवडायचं, म्हणून आपल्या गल्लीपासूनच सुरुवात करते.

मी पाच वर्षांची होते तेव्हा तुम्ही आम्हाला कोल्हापुराहून त्या इंग्लिश गावात आणलंत. एकाला एक चिकटलेली काळपट विटांची घरं, वर दोन खोल्या, खाली दोन, आणि संडास परसात. थंडीत रात्री परसात जायचं म्हणजे शिक्षाच. गल्लीच्या टोकाला तुमची फौंड्री, लोखंड ओतायचा कारखाना. तिचा भोंगा झाला की सगळ्या गल्लीची दारं एकदम उघडतात आणि डब्याच्या पिशव्या घेतलेले बाप बाहेर पडतात. सकाळी बायका गुडघ्यांवर बसून दाराच्या पायऱ्या घासतात, लाल पॉलिश लावतात. आई पहिल्या दिवशी खिडकीतून बघून म्हणाली, "ही बघा, ह्यांच्यातबी सडा घालायची पद्धत हाय, नुसतं शेण तेवढं नाही." दुसऱ्या दिवसापासून तीही पदर खोचून पायरी घासायला बसली. शेजारच्या गोऱ्या मावशीने आपला ब्रश तिला दिला. मावशीचा नवरा तुमच्याच भट्टीवर होता. ती मला लाडाने 'बॅब' म्हणायची, आईला इंग्रजी येत नाही याची तिला काडीचीही अडचण वाटायची नाही, दोघी कुंपणावरून आपापल्या भाषेत तासभर बोलायच्या आणि मग खूष होऊन घरात यायच्या.

शाळेला सुट्टी असली की तुमचा डबा मी फौंड्रीच्या फाटकापर्यंत आणायची. कधी तुम्ही आत घ्यायचात. तुम्ही मोल्डर. काळ्या वाळूत साचा घालायचा, हाताने दाबायचा, फुंकर मारून कडा साफ करायची, मग त्यात लाल लोखंड ओतलं जायचं. जेवणाच्या सुट्टीत गोरे गडी स्वच्छ फावड्यावर अंडी तळायचे आणि तुम्ही त्याच फावड्यावर भाकरी गरम करायचात. तुमच्या मिरचीच्या ठेच्याला ते शिव्या घालायचे आणि परत मागायचे. थंड झालेल्या मालाला तुम्ही लहान हातोडीने टिचकी द्यायचात आणि मला म्हणायचात, "पोरी, कान दे. ठणठणीत वाजलं म्हंजे माल चोख. बद्द वाजलं की समजायचं, आत चीर हाय." मग घरीदारी हेच. बाजारात कपबशी घेताना टिचकी, बादलीला टिचकी, एकदा तर डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या रेडिएटरला. आणि बोलणं! तुमच्यासारखा बडबड्या माणूस त्या गल्लीत दुसरा नव्हता. शुक्रवारी तुम्ही पत्र्याच्या टबात बसलेले, आई तुमच्या पाठीवर पाणी घालत असायची, तरी तुमचं आज कोणता साचा कसा घातला ते चालूच. तुमच्या दंडांवर ठिणग्यांचे डाग होते, पोळीवर पडतात तसे, आणि मी एकेका डागावर बोट ठेवून हा कधीचा, हा कधीचा, विचारायची. तेव्हा मला तुमची लाज वाटत नव्हती. त्या गल्लीत सगळ्यांचेच बाप काळे होऊन घरी यायचे, लाजायचं कुणाला?

मावशीच्या दुधाच्या जगचा कान माझ्या हातून तुटला ते आठवतं? मी नऊ वर्षांची असेन. गोंदाने चिकटवून मी तो गुपचूप तिच्या फडताळात ठेवून आले. चार दिवसांनी तुम्ही तिच्याकडे चहाला गेलात, सवयीप्रमाणे जगला टिचकी दिलीत, आणि माझ्या तोंडाकडे बघितलंत. घरी स्वयंपाकघरात मला स्टुलावर बसवलंत. "फौंड्रीत काही जण मालाला भोक पडलं की त्यात मेण आन् लोखंडाचा चुरा भरत्यात. वरनं काजळी फासत्यात. इन्स्पेक्टर फसतोय. पर गाडी फसत नाही. रस्त्यात मोडतीया आन् माणूस मरतंय. जा, तिला सांगून ये." मी रडत गेले, सांगितलं. मावशी इतकी हसली की तिला खोकला लागला. तो जग तिच्या सासूचा होता आणि तिला मुळीच आवडत नव्हता म्हणे. पण तुम्ही त्या दिवशी माझ्याशी रात्रीपर्यंत बोलला नाहीत, आणि तुमचं न बोलणं ही त्या घरातली सगळ्यात मोठी शिक्षा होती.

मग मी शिकले, तुम्ही ओव्हरटाइम करकरून शिकवलंत. युनिव्हर्सिटीत पुण्याचा इंजिनिअर भेटला, लग्न झालं, आणि आम्ही अमेरिकेत, मिशिगनला नोव्हायमध्ये आलो. तिथली मराठी माणसं सगळी मोटारींच्या कंपन्यांतले इंजिनिअर, नाहीतर डॉक्टर. पहिल्याच हळदीकुंकवाला एका काकूंनी विचारलं, "वडील काय करतात गं तुझे?" त्यांच्या दिवाणखान्यात पांढरा गालिचा होता, बाकीच्या बायकांचे वडील प्रोफेसर, वकील, एकीचे तर निवृत्त न्यायाधीश. मी म्हटलं, "इंग्लंडला फौंड्रीत असतात. मेटलर्जिस्ट आहेत." किती सहज बाहेर पडलं ते! परतताना गाडीत नवरा खो खो हसला. "मेटलर्जिस्ट? यार, तू तर त्यांना एका दमात प्रमोशन देऊन टाकलंस!" मीही हसले. पुढच्या वेळी दुरुस्त करू असं ठरवलं. पुढच्या वेळी कुणी विचारलंच नाही, आणि त्यानंतर सगळ्यांना ते माहीतच होतं.

आई गेली, आणि तिच्यामागून दोन वर्षांत फौंड्री बंद पडली. ऐंशीनंतर तिकडे एकामागून एक बंदच पडत होत्या. तुम्हाला एक घड्याळ देऊन घरी पाठवलं. म्हणून मी तुम्हाला महिनाभर इकडे बोलावून घेतलं. तुम्ही आलात, घराच्या भिंतीवर टिचकी मारलीत आणि घाबरून म्हणालात, "पोरी, भिंत पोकळ हाय की गं!" पायी फिरायला जायचात तर लोक गाड्या थांबवून लिफ्ट हवी का विचारायचे. मला तुमचं कौतुक वाटायचं आणि भीतीही वाटायची, की हे बोलतील. कुणी भेटायला आलं की मी तुम्हाला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लावायची. घरात गरम होतं तरी.

दिवाळीचं जेवण त्याच पांढऱ्या गालिच्याच्या काकूंकडे होतं, आणि तिथे काका होते. ते खरोखरचे मेटलर्जिस्ट, धातुशास्त्रात डॉक्टरेट झालेले. आपण दारात पाऊल टाकलं तोच त्यांनी तुमचा हात धरला. "या या, आपण दोघं एका धंद्यातले! तुमची केव्हापासून वाट बघतोय मी." जेवणं झाल्यावर त्यांनी कपाटातून एक कास्टिंग आणलं, साच्यात ओतलेलं लोखंड, मुठीएवढं, एका बाजूने कापलेलं, आत बारीक बारीक भोकं. तुमच्या हातात ठेवलं. "आमच्याकडे हे असं बॅचच्या बॅच रिजेक्ट होतंय. काय वाटतं तुम्हाला?" आबा, तुमचा चेहरा मला अजून दिसतो. आई गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. तुम्ही ते उलटंपालटं केलंत, अंगठा आत फिरवलात, आणि म्हणालात, "त्याचं काय हाय, मी साचं घाल..." आणि माझ्याकडे बघितलंत. आनंदाने बघितलंत, मी ऐकतेय ना, एवढंच बघायला. मी दोन खुर्च्या सोडून बसले होते, हातात फराळाची बशी. मी 'नको' म्हणून मान हलवली. इतकी थोडी, की दुसऱ्या कुणाला कळली नसेल. तुम्हाला कळली.

तुम्ही ते कास्टिंग टेबलावर ठेवलंत. "आता काय आठवत नाही बघा. वय झालं," असं म्हणालात, आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातलेत. साठ वर्षांचे होतात तुम्ही. काकूंनी हळूच मला विचारलं, "विसरायला होतं का गं त्यांना?" आणि मी हो म्हटलं. उरलेला सगळा वेळ तुम्ही कोपऱ्यातल्या कोचावर गप्प बसून होतात. घरी येताना नवरा गाडी चालवत होता, मी पुढे, तुम्ही मागे. हायवेला लागल्यावर तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "वाळू ओली हुती." नवऱ्याने विचारलं, "काय आबा?" तुम्ही म्हणालात, "काय न्हाई." मला कळलं होतं. साच्यातली वाळू ओली, म्हणून वाफ आत कोंडून लोखंडात भोकं. काकांना हवं असलेलं उत्तर. मी रेडिओ लावला.

त्यानंतर दोन हिवाळ्यांनी तुम्ही गेलात, तिकडेच, गल्लीतल्या त्या घरात. फोन मावशीनेच केला. मी आले तेव्हा चहा करता करता ती म्हणाली, "बॅब, अमेरिकेहून आला आणि त्याने फौंड्रीचं नाव टाकलं बघ. कुणी विषय काढला की उठून जायचा. आम्हाला वाटलं, तिकडे मोठी माणसं बघून आला, आता आम्ही आवडत नसू." मी चहा प्यायले. तुमच्या अंत्यविधीला पाठीमागे तुमचे गोरे दोस्त रांगेने उभे होते, एकेकाचे हात तुमच्यासारखेच डागांचे, आणि मला त्यांच्यातल्या एकाच्याही नजरेला नजर देता आली नाही.

आता गुरुवारचं. ते काका नव्वदी ओलांडून अजून आहेत, काकू गेल्या, मुलं दूर टेक्सासला. मी दर गुरुवारी त्यांना भाजी-पोळी नेऊन देते. आपलं कुणी म्हणून नाही, शेजारधर्म म्हणून, असं मी स्वतःला सांगते. गेल्या गुरुवारी त्यांनी आपणहून तुमचा विषय काढला. म्हणाले, "तुझ्या वडिलांचे हात बघितल्याबरोबर ओळखलं होतं मी. मेटलर्जिस्टचे हात असे असतात का? हे माझे बघ, बाईमाणसासारखे. ते मोल्डर होते, नाही?" माझ्या हातातला डबा मी टेबलावर ठेवला. "अगं, म्हणून तर मुद्दाम त्यांना विचारलं. आमचे सगळे रिपोर्ट वाचून झाले होते. म्हटलं, वाळूत हात घातलेला माणूस पहिल्यांदा आपल्या घरी आलाय, हा सांगेल. फार आशेने विचारलं होतं. पण त्यांना माझ्याशी बोलायचंच नव्हतं बहुतेक. आम्ही पुस्तकी लोक, आमचा राग येत असेल, काय?"

चाळीस वर्षांनी त्यांनी दार सताड उघडून दिलं होतं. मान मी हलवली होती, एवढंच म्हणायचं होतं. त्या म्हाताऱ्या माणसाला त्याने आनंदच झाला असता. सदुसष्ट वर्षांची बाई मी, आता मला कुणाच्या गालिच्याचं भय?

मी म्हटलं, "हो काका. तसे जरा तुसडेच होते ते."

हे लिहून झाल्यावर मनात आलं, हे कागद काकांनाच नेऊन द्यावेत, मराठी त्यांना अजून छान वाचता येतं. आज पुन्हा गुरुवार होता. मी फक्त वांग्याची भाजी दिली.