एकतीस नंबरचा बाप

मी, खाली सही करणारा, वय चोपन्न, धंदा गाईंची पैदास, शिक्षण आठवीपर्यंत शाळेत आणि पुढचं सगळं गोठ्यात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या गुरुवारी डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत. डोकं शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्या कोणत्याही गाईच्या पाच पिढ्या विचारून बघाव्यात. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणू शकेल असं माणूस या घरात जन्मलेलंच नाही, हे घरच्यांचंच म्हणणं आहे.

कलम १. राहतं घर पत्नीला. तिने सत्तावीस वर्षं माझा स्वभाव सोसला, असं ती चारचौघांत सांगते. मी तिचं बोलणं सोसलं, ते कोणी सांगत नाही. बाहेरच्या खोलीतला नऊ नंबर वळूचा फोटो काढायला तिला परवानगी आहे. टांगला त्या दिवसापासून ती याची वाट बघते आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक आणि मोटरसायकल मुलाला. गोठ्यातलं काहीही नाही, दावंसुद्धा नाही. "बाबा, गाय म्हणजे गाय. दूध दिल्याशी मतलब," हे त्याचं वाक्य मी विसरलेलो नाही.

कलम ३. कानात बिल्ला मारायचा चिमटा पैदासकार संघाच्या सचिवाला. चार वर्षांपूर्वी त्याने तो दोन दिवसांसाठी नेला. आता तो त्याचाच समजावा, म्हणजे निदान मी मेल्यावर तरी त्याला चोर म्हणता येणार नाही.

कलम ४. नोंदवह्या, एकूण नऊ. कोणती गाय कधी माजावर आली, कोणता वळू दिला, कधी व्याली, वासराचं वजन, कासेची ठेवण. आनुवंशिकी मी कॉलेजात नाही, या वह्यांत शिकलो. पदवी घेतलेले लोक माझ्याकडे वंशावळी उतरवून घ्यायला यायचे आणि चहा पिऊन जायचे. सगळ्या वह्यांत मिळून एकही खाडाखोड नाही. हे मी सभेत कितीदा सांगितलं, ते सचिवाला विचारा.

कलम ५. धाकटा भाऊ. त्याला घर, पैसा, जनावर, काहीही नाही. त्याचं गबाळं काम, चपला फरफटत चालणं आणि प्रत्येक गोष्टीला "होईल रे दादा" म्हणणं मला कधीच आवडलं नाही, आजही आवडत नाही. तरी त्याच्याबद्दल लिहिणं भाग आहे.

आठ वर्षांपूर्वी तो संघाच्या यादीवर कृत्रिम रेतन करायचा. माझ्या एकतीस नंबर गाईला आणि तिच्या चार मुलींना शेजाऱ्याच्या वळूच्या मुलाचं रेत द्यायचं मी ठरवलं. वहीप्रमाणे एकतीस ही नऊ नंबरची मुलगी, म्हणजे दोन्हीकडचं रक्त अगदी वेगळं होतं. तीन वर्षांत चौदा वेत झाले. पाच वासरं मेलेली, गुडघे आखडलेले, जबडा आखूड. असं वासरू जवळच्या रक्तातून येतं, हे मला पाठ होतं. मी भावाला गोठ्यात उभं केलं.

"रेताच्या कांड्या बदलल्यास तू. नऊ नंबरचं रेत त्याच्याच मुलीला आणि नातींना भरलंस."

"दादा, प्रत्येक कांडी नंबर वाचून भरली आहे. एकदा तुझी वही तपास ना."

"माझ्या वहीत चूक नसते."

"मग सगळ्या चुका माझ्याच वाट्याला आल्या म्हणायच्या."

मी संघाच्या सभेत उभा राहून हेच सांगितलं. त्याचं नाव यादीवरून गेलं. तेव्हापासून तो दुसऱ्याच्या दुकानात पेंडीची पोती उचलतो. आम्ही बोलत नाही.

कलम ६. सर्व जनावरं, रेत साठवायची नायट्रोजनची टाकी आणि वह्या भावाच्या मुलीला. ती जनावरांचा डीएनए तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. बापाचा शब्द खरा करायला तिने म्हाताऱ्या एकतीसच्या शेपटीचे केस मला न विचारता नेले. राग आहे तो आहेच.

"मोठे काका, एकतीसचा बाप नऊ नंबर नाही. शेजाऱ्यांचा वळू आहे."

"तुमच्या यंत्राचं चुकलं असेल."

"तीनदा?"

चौथ्यांदा पाठव, असं मी म्हणालो नाही.

सतरा वर्षांपूर्वी कुंपणाच्या फाटकाची कडी मी लावली नव्हती. सकाळी शेजाऱ्याचा वळू आत होता आणि एकतीसची आई, चौदा नंबर, माजावर होती. नऊ नंबर तिच्यावर आदल्या संध्याकाळी सोडला होता. शेजाऱ्याच्या वळूला मी हाकललं, फाटक लावलं आणि वहीत बाप लिहिला: नऊ. आमच्याकडे न लिहिलेली पैदास होत नाही, असं मी त्याच आठवड्यात सभेत बोललो होतो. म्हणजे पुढे मी वेगळं रक्त म्हणून आणलं, ते एकतीसच्या सावत्र भावाचंच होतं.

पुतणीने विचारलं, बाबांना यादीवरून काढलं तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं का? मी उठून पाणी प्यायला गेलो. उत्तर इथे देतो. मेलेल्या दुसऱ्या वासराच्या वेळी माहीत होतं.

कलम ७. माझा मृत्यू झाल्यास पहिल्याच वार्षिक सभेत, आणि मी वाचलो तर याच वर्षीच्या सभेत माझ्यादेखत, सचिवाने कलम ५ आणि ६ मोठ्याने वाचावीत. त्याला फार आनंद होईल. होऊ दे. भावाचं नाव यादीवर परत घ्यावं. तिसरी वही, पान एक्केचाळीस, एकतीस नंबर: "बाप नऊ" हे भावाने स्वतःच्या हाताने खोडून खरा बाप लिहावा. त्याचं अक्षर घाणेरडं आहे. तरी त्यानेच लिहावं.

ही माफी नाही. नोंदीची दुरुस्ती आहे.

वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

साक्षीदार: १. गुरांचे डॉक्टर (सही). २. दूध केंद्रावरचा मापाडी (सही).

ठिकाण: गोठ्यालगतची खोली. दिनांक: ३ मार्च, मंगळवार.

खाडाखोड: एक. कलम ६ मध्ये "चौथ्या" खोडून "दुसऱ्या" लिहिलं आहे. दुरुस्ती माझ्याच हातची.

(सही)