मागं कोण हाय?

आबा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की मी वाचून दाखवायचो आणि तुम्ही मधेच अडवायचा, "ह्ये त्यानं लिवलंय, का तू पदरचं घातलंस?" यातलं सगळंच माझ्या पदरचं आहे, तेव्हा निवांत ऐका. आज सकाळी गंगाखेडला, गंगेच्या पुलावर गेलो होतो. हो, आता गंगेवर मोटारीचा पूल आहे, बैल पाण्यात घालावे लागत नाहीत. थंडीत तिथून सायकलवाले जातात, लांब पल्ल्याचे, परभणीहून निघून कुठल्या कुठं जाऊन परत येणारे. अंगाला चिकटलेले भडक कपडे, डोक्यावर टोपलं. तुम्ही बघितलं असतं तर म्हणाला असता, "कुणाची पोरं ही, अशी रानात सोडल्यात?" त्यातल्या एका पोरीची सायकल पंक्चर झाली, तर मागून येणारे चौघं-पाचजण थांबले. एकानं चाक काढलं, एकानं पंप धरला, एकानं नुसताच सल्ला दिला. मी काठी टेकवून असा हसायला लागलो की चहावाला म्हणाला, "मास्तर, बरं हाय नव्हं?" त्याला काय सांगू? मला पालमची शर्यत आठवली होती.

तेव्हा निजामाचं राज्य. तुम्ही कापसाच्या गाड्या परभणीला न्यायचा, आणि मी तुमचा एकुलता एक, मिसरूड फुटलेला, शिकलेला आणि तोंडाळ. चार कोसांवरच्या गावात मला मास्तरकी मिळत होती. रोज जाऊन-येऊन करायची तर सायकल पाहिजे. जुनी एक मी आणलीही होती, आणि तुम्हाला ती डोळ्यांसमोर नको होती. एकदा भर उन्हात परभणीच्या वाटेवर तुमच्या गाडीचं चाक निखळलं, आणि दोन सायकलवाले घंटी वाजवून शेजारून निघून गेले. चाक निखळल्याचं तुम्हाला काही वाटलं नाही. ती घंटी तुमच्या जिव्हारी लागली. "सायकलवाल्याला फकस्त म्होरलं दिसतंय," तुम्ही म्हणायचा. "मागं कोण हाय, ह्ये इचारायला त्याचं तोंड वळत न्हाई." मी वाद घालायचो. माय भाकरी थापता थापता म्हणायची, "दोघंबी एका घाण्याचे, कोण ऐकंल?"

मग कचेरीनं पालम ते परभणी सायकलची शर्यत लावली. पहिल्याला चांदीचा पेला. मी घरात इतक्या बढाया मारल्या की शेवटी तुम्ही घास हातात धरूनच म्हणालात, "पैला आलास तर सायकल ठिव, मास्तरकी कर. न्हाई आलास, तर सायकल इकायची आन् कासरा हातात घ्यायचा. बोल." मी बोललो. मायनं तव्यावरची भाकरी करपवली, ती तिच्या आयुष्यातली पहिलीच असावी.

आबा, त्या दिवशी मी काय पळवली सायकल! पालम सोडलं तेव्हा वीसेक गडी होतो. सोनपेठचा एक वाण्याचा पोरगा, शेतकऱ्यांची पोरं, आणि परभणीच्या कचेरीतले एक अहलकार, कारकून हो, चाळिशीचे, डोक्यावर तुर्की टोपी. गंगाखेडला पोचेपर्यंत माझ्या पुढं कुणी नव्हतं. सायकल खांद्यावर घेतली, मांडीभर पाण्यातून निघालो, वाळू तुडवली आणि आपल्या काठच्या उभ्या दरडीवर पहिला चढलो. इथून परभणीची वाट सरळ. मास्तरकी माझी, सायकल माझी.

आणि तिथंच घात झाला. त्या दरडीवर मी लहानपणापासून शेकडो वेळा तुमच्याबरोबर चढलो होतो. आपला गाडीवानांचा रिवाज तुम्हाला काय सांगायचा! पहिली गाडी वर आली की तिनं हाक मारायची, मागं कोण हाय? मागून आवाज आला की आपले बैल सोडायचे, उलटं जायचं आणि अडकलेल्या गाडीला लावायचे. शेवटची गाडी वर आल्याशिवाय पहिली हलत नाही. तर मी दरडीवर चढलो, दम घेतला, आणि सवयीनं, अगदी सवयीनं हो, तोंडातून खणखणीत हाक गेली, "मागं कोण हाय रं?"

शर्यतीत कुणी असं विचारतं का! जीभ चावली, पण हाक गेली ती गेली. खालून आवाज आला, "मैं हूँ मियाँ! पाँव धंस गया!" बघतो तर अहलकार गुडघ्याच्या वर वाळूत रुतलेले, सायकल डोक्यावर, टोपी सायकलीवर. मी खाली बघितलं, परभणीच्या वाटेकडे बघितलं, परत खाली बघितलं. ते मला बघून ओरडले, "आव नक्को, तुम जाव! तुम पूछे तो मैं बोल दिया!" पण विचारून झालं होतं आणि उत्तरही आलं होतं. मी सायकल बाभळीला टेकवली आणि उतरलो.

पुढची गंमत ऐका. दुसरा गडी वर आला, मला उलटं जाताना बघितलं आणि शिव्या घालत सायकल ठेवून माझ्या मागं आला. तिसराही तसाच. सगळी गाडीबैलांच्या घरची पोरं. अडकलेल्याला टाकून पुढं जायचं म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही. वाण्याच्या पोरानं धोतर सोडून त्याचा दोर केला आणि लंगोटीवर उभा राहून "हय्या!" म्हणून ओढायला लागला. अहलकार बाहेर निघाले तेव्हा त्यांचा एक जोडा गंगेनं ठेवून घेतला. मग वाळूत आणखी दोघं रुतले, त्यांना काढलं. शेवटचा वर आला तेव्हा अख्खी शर्यत दरडीवर भिजून उभी, आणि आधी टांग मारायची कुणी, हे कुणालाच कळेना. एकमेकांकडे बघून सगळे हसत सुटलो. कुणीतरी म्हणालं, "चला की आता!" आणि तिथून नव्यानं शर्यत सुटली.

जिंकले कोण? अहलकार! एका पायात जोडा नसताना! आम्ही ओढून ओढून थकलेलो, आणि ते वाळूत उभे राहून ताजेतवाने झालेले. मी कितवा आलो ते सांगत नाही. हार गळ्यात घालून ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मियाँ, खींचे नै होते तो मैं अब्बी वहींच रहता." मला हसू आलं आणि रडूही आलं. कचेरीच्या साहेबानं पेला दिला तो त्यांना, आणि मला दिसत होता कासरा.

घरी आलो तर दिवेलागण झालेली. तुम्ही ताटावर होता. माय माझ्याकडे बघेना. मी म्हणालो, "हारलो." तुम्ही म्हणालात, "ठावं हाय. माझी गाडी दरडीवर चिंचेखाली सोडली व्हती." मी ताट ओढून घेतलं. तुम्ही ठेचा कालवत होता. मग विचारलंत, "उत्तर आलं तवा काय वाटलं रं?" मी खाली मान घालून कढी ओरपली. तुम्ही परत विचारलं नाही.

सकाळी बाहेर आलो तर सायकल दारातच उभी होती, पुसलेली. उजव्या बैलाची घुंगुरमाळ तुम्ही निम्मी तोडली होती आणि हँडलला बांधली होती. मी विचारलं, "आन् कासरा?" तुम्ही बैलांना पाणी दाखवता दाखवता, माझ्याकडे न बघता म्हणालात, "कासरा धरायला मी हाय की अजून. तू जा, शाळा भरली असंल." आबा, त्या दिवशी मी चार कोस गात गेलो. पुढं कितीतरी वर्षं ती घुंगरं पांदीच्या वाटेला वाजली की शाळेतली पोरं ओरडायची, "मास्तर आला रं!" आणि झाडावरची खाली उतरायची. मला एकदासुद्धा कुणाला चोरून पकडता आलं नाही.

आज पुलावर त्या पोरीचं चाक बसलं आणि सगळे निघाले. मला राहवलं नाही. कठड्याला धरून मी हाक मारली, "मागं कोण हाय?" लांबून एक दमलेला आवाज आला, "मी आहे, आजोबा!" आणि पुढं गेलेले सगळे परत थांबले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. घुंगुरमाळेच्या डब्यात ठेवतो. तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर तेवढं द्यायचं राहिलंय. खालून आवाज आला तेव्हा मला वाटलं होतं, मेल्या, गप्प बसला असतास तर तुझं काय जात होतं! आजही हाक मारताना मनातून वाटतंच, कुणी ओ देऊ नये. तुम्हालाही दर खेपेला असंच वाटायचं का आबा? ते तेवढं विचारायचं राहिलं.