कुंकवाच्या खुणेवर लावलेलं टायमिंग

कसबा पेठ, पुणे
२८ ऑक्टोबर १९९९

ती. अनंतरावांस,

श्रीनिवासचा साष्टांग नमस्कार. वहिनींचा गुडघा कसा आहे? इकडे तुमची बहीण ठीक, भाची ठीक, आणि नागपूरला बदली होताना आपण माझ्या हवाली केलेली गाडीही ठणठणीत आहे. (गाडीचं शेवटी लिहिलं म्हणून लगेच शंका घेऊ नये.)

‘आठवड्यातून एकदा सुरू करा आणि बॉनेट उघडू नका’ ही आपली आज्ञा. पैकी निम्मी मी तंतोतंत पाळली. पण निवृत्त माणसाची दुपार फार लांब असते हो, त्यात फुटपाथवर मला मोटारीच्या इंजिनावरचं पुस्तक सापडलं. (शेवटची वीस पानं नव्हती. शेवटी गाडी सुरू होत असणार, असं मी धरून चाललो.) त्यातून कळलं की सिलिंडरमधला दट्ट्या वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडली पाहिजे, उशिरा पडली तर इंजिनाची ताकद जाते आणि ते तापतं. हेमा म्हणाली, म्हणजे फोडणीसारखंच की. मला तीन दिवस वाचून जे समजलं ते हिला कांदा चिरता चिरता समजलं, याचा मला रागच आला. आयडल स्पीड मात्र मला लगेच उमगला. जागचं न हलता चालू राहायचं, एवढंच ते. आमच्या खात्यात मी एकतीस वर्षं दुसरं काय केलं?

आता हे उद्योग कशासाठी, तर ओवीच्या मुलाखतीसाठी. मेकॅनिकल इंजिनिअर झालेली पोर दीड वर्ष घरी बसलेली, चार ठिकाणी नकार, आणि ही पाचवी मुलाखत हडपसरच्या सॉफ्टवेअर कंपनीत. (मेकॅनिकलवाल्यांना हल्ली कॉम्प्युटरवालेच विचारतात.) हीही हुकली तर ती खचेल, या भीतीने माझा जीव अर्धा झाला होता. निदान मामाच्या गाडीतून दिमाखात जाऊ दे, म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी बॉनेट उघडलं. पुस्तकात लिहिलं होतं, पुढच्या पुलीवरची खूण काट्यासमोर आणा आणि ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगीचं टायमिंग लावा. पुलीवर लालभडक, ठसठशीत खूण! कंपनीने केवढी सोय करून ठेवली आहे, असं म्हणत मी त्या खुणेवर टायमिंग लावलं. त्यानंतर गाडी उभी राहिली की बंद पडू लागली, म्हणून आयडलचा स्क्रू पिळला. तरी बंद पडे, मग आणखी पिळला.

मुलाखतीच्या दिवशी आठ अठ्ठावन्नला आम्ही गेटवर. ओवी आत पळाली. मी ऐटीत किल्ली फिरवली, काढली, खाली उतरलो, आणि इंजिन चालूच! धाड धाड, धूर, गचके, एका खिडकीत दहा डोकी. वॉचमन धावत आला. “सायेब, किल्ली तुमच्या हातात हाय, मग चालवतंय कोन?” अनंतराव, मी त्याला किल्ली पुन्हा दाखवली. शेवटी कंपनीच्या बसचा ड्रायव्हर, उत्तरेश्वर म्हणून देवमाणूस, आत बसला, ब्रेक दाबून गिअर टाकला, क्लच सोडला, तेव्हा ते मेलं.

आत साहेबांनी ओवीला पहिलाच प्रश्न टाकला: तुम्ही मेकॅनिकलच्या ना, मग ती गाडी बंद का होत नाही? पोरीने फळ्यावर चित्र काढून सांगितलं, ठिणगी उशिरा म्हणून इंजिन तापलंय, आयडल जास्त म्हणून आत पेट्रोल येतंय, आणि आतल्या तापल्या काजळीवर ते आपोआप पेटतंय. नोकरी मिळाली! मी पार्किंगमध्ये नाचलो. (साक्षीदार आहेत.) दुसरा प्रश्न होता, ती गाडी कोणाची. त्याचं उत्तर काय दिलं, ते ती सांगत नाही. ‘माहीत नाही’ म्हणाली असणार. मीही तेच म्हटलं असतं, पण वाईट वाटलं.

आपला,
श्रीनिवास

ता. क. खूण कंपनीची नव्हती. दसऱ्याला हेमाने इंजिनाची पूजा केली होती, त्यातलं पुलीला लावलेलं कुंकू.

ता. क. २. पोरीला ऑफिसच्या गेटवर लाज नको. ती एक डिसेंबरला रुजू होतेय, त्याच्या आत आपली गाडी घेऊन जावी, एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. ३. अनंतमामा, बाबांनी पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. गाडी नेऊ नका, टायमिंग मी नीट लावलंय. दुसऱ्या प्रश्नाला मी म्हणाले होते, “माझ्या बाबांची.” साहेब हसून म्हणाले, “कधी जॉइन होताय?” गाडी राहू दे, बाबांचे पाने-स्क्रूड्रायव्हर तेवढे घेऊन जा. — ओवी